सव्वीसावं मिनिट

विट्याच्या जुन्या बाजारपेठेत इरफान मुजावरचं दुकान अजून उघडं होतं, हेच मोठं नवल. टेपरेकॉर्डर गेले, सीडी गेल्या, पेनड्राइव्हसुद्धा गेले. इरफानभाई मात्र कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, कुणाच्या तरी जुन्या यंत्राचं पोट उघडून बसलेले असायचे. वय सहासष्ट. दुकान बंद करा म्हणून मुलं मागे लागली होती, आणि 'या दिवाळीनंतर बघू' म्हणत इरफानभाईंनी चार दिवाळ्या ढकलल्या होत्या.

उज्ज्वला पतंगे दुकानाची पायरी चढून आली तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला.

"या वहिनी. बसा."

"सीडी वाचायचा ड्राइव्ह हवाय, इरफानभाई. घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायचा. ईश्वरीनं नवा कॉम्प्युटर पाठवलाय, पण त्याला सीडी घालायला जागाच नाही."

कुणाच्या सीड्या, हे त्यांनी विचारलं नाही. तिचा नवरा भालचंद्र त्यांचा जिवलग मित्र. त्याला कोऱ्या सीड्या पुरवल्या होत्या त्या त्यांनीच. आत जाऊन ते दोन खोकी घेऊन आले आणि काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. एकातला ड्राइव्ह करडा, जाड, वर धुळीचा थर. दुसरा पांढरा, शाळेच्या वहीएवढा पातळ, पुढच्या कडेला मोहरीएवढा दिवा.

"हा करडा साधा. जे आहे ते वाचतो. जिथं सीडी खराब झालीय तिथं गप्प बसतो, आणि चांगला भाग आला की परत बोलायला लागतो. आता हे कुणी बनवत नाही, हा शेवटचा नग. आणि हा पांढरा भरावाचा. हा गप्प बसत नाही."

भरावाच्या ड्राइव्हबद्दल उज्ज्वलानं ऐकलं होतं. २०३८ साल उजाडेपर्यंत त्याबद्दल ऐकलं नाही असं घर उरलं नव्हतं.

सीडीवरचं लिखाण म्हणजे आतल्या वर्तुळापासून बाहेरच्या कडेपर्यंत फिरत जाणारी, केसाहून बारीक अशी एक लांबच लांब रेघ. लेसरचा ठिपका त्या रेघेवरून चालतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून आवाज जुळवतो. आता, रेघेवर ओरखडा असला तर पूर्वीचे प्लेअरसुद्धा थोडी लबाडी करायचे. ओरखड्याच्या अलीकडचा आवाज आणि पलीकडचा आवाज बघून मधला आवाज अंदाजानं घालायचे. सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा तो मामला, कानाला पत्ताही लागायचा नाही. भरावाच्या ड्राइव्हनं हीच लबाडी लांबवली. तो आधी तुमच्या साऱ्या सीड्या ऐकून घेतो. माणूस श्वास कुठं घेतो, कुठल्या शब्दावर अडखळतो, घरात कुणाला काय म्हणून हाक मारतो, हे सगळं शिकतो. मग गेलेली जागा निमिषाची असो की दहा मिनिटांची, तिच्या दोन्ही कडा तपासून, त्या माणसानं तिथं बहुधा जे म्हटलं असतं ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतो.

कुण्या गावात एका मयत बापानं लग्नाच्या सीडीत विहीर धाकट्या मुलाच्या नावे करून टाकली, आणि सीडी नेमकी त्याच जागी बुरशीनं गेलेली निघाली. भाऊ कोर्टात गेले. तेव्हापासून भराव चालू असताना हिरवा दिवा लागलाच पाहिजे असा नियम झाला. लोक त्या दिव्यावर चिकटपट्टी लावतात, तो भाग वेगळा.

"मी हा करडाच न्यावा म्हणते," उज्ज्वला म्हणाली.

"पांढरा न्या वहिनी."

तिनं चमकून पाहिलं. या पांढऱ्या ड्राइव्हला इरफानभाई 'भुताचा डबा' म्हणत, हे साऱ्या बाजारपेठेला माहीत होतं. गिऱ्हाईक आलं तरी चार शिव्या हासडल्याशिवाय ते त्याला हात लावत नसत.

"तुम्ही तर याच्या नावानं खडे फोडता."

"फोडतो की. पण तुम्ही हाच न्या. इतक्या वर्षांच्या सीड्या, जागोजागी गेल्या असतील. साध्यावर लावलं तर तुटक तुटक ऐकू येईल, उगीच जिवाला घोर. पोरीला बापाचा आवाज सलग ऐकू दे." त्यांनी पांढरं खोकं तिच्याकडे सरकवलं. "आणि ती शेवटची सीडी माझ्याकडं आणून द्या. तिचं काय करायचं ते मी बघतो."

"ती असू दे माझ्याकडे," उज्ज्वला म्हणाली, आणि पांढरं खोकं पिशवीत टाकून निघाली.

भालचंद्र पतंगे रिक्षावरच्या जाहिराती बोलायचा. साड्यांचा सेल, पोलिओचा डोस, कुस्त्यांचा फड, हरवलेली म्हैस, यातलं काहीही असो, आवाज पतंग्यांचाच. घरातल्या एका लहानशा खोलीत माइक आणि कॉम्प्युटर मांडून तो रेकॉर्डिंग करायचा, आणि दोन जाहिरातींच्या मध्ये ते बंद करायचा त्याला कंटाळा. त्यामुळे त्याच्या सीड्यांवर जाहिरातींच्या अधेमधे खोकला, शिट्टी, फोनवरच्या गप्पा, 'उज्ज्वला, पाणी दे गं' असं निम्मं घर भरलेलं होतं. २०११ च्या डिसेंबरात, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याच खोलीत त्याच माइकपुढे तो गेला. तेव्हाही रेकॉर्डिंग चालूच होतं. ते नंतर इरफानभाईंनी सीडीवर उतरवलं आणि चौदाव्या दिवशी तिच्या हातात आणून दिलं. सत्तावीस वर्षांत तिनं ते एकदाही ऐकलं नव्हतं. आधी हिंमत नव्हती, आणि हिंमत होईपर्यंत सीडी वाजवायचं यंत्र घरात उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ईश्वरी पुण्याहून आली. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्याचा चेहरा तिला फोटोतून माहीत होता, आवाज मात्र अजिबात आठवत नव्हता, आणि त्याची खंत ती जेवताना, झोपताना, कशातूनही बाहेर काढायची. त्रेसष्ट सीड्यांची पत्र्याची पेटी तिनं स्वतः उचलून आणली.

पेटी उघडली की हळदीचा वास यायचा. शिंप्याच्या घरात खंडेनवमीला कात्री पुजतात, पतंग्यांकडे माइक आणि सीड्या पुजायची रीत पडली होती. माइक पुढे विकला गेला. सीड्यांची पूजा उज्ज्वलानं एक वर्षही चुकवली नव्हती. एकेक सीडी पाटावर ठेवायची, मागच्या वर्षीचं वाळलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचं, नव्यानं हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या. 'चकचकीत बाजूला बोट लावू नको हं, सगळं तिथं असतं,' असं त्यानं तिला बजावलं होतं. म्हणून ती जपून, नाव लिहिलेल्या बाजूला, नावाच्या उजवीकडे बोट टेकवायची.

दुपारपर्यंत पांढऱ्या ड्राइव्हनं सगळ्या सीड्या ऐकून घेतल्या, शेवटची सोडून. ती उज्ज्वलानं आधीच कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली होती. पडद्यावर एकेका सीडीचं गोल चित्र उमटलं. गेलेली जागा लाल.

"आई, सगळ्या एकाच जागी गेल्यात गं," ईश्वरी म्हणाली. "प्रत्येक सीडी सव्वीसाव्या मिनिटाला. असं कसं?"

उज्ज्वलानं हातातली सीडी उजेडाकडे धरली. नावाच्या उजवीकडे, बरोबर तिचं बोट टेकायचं तिथं, आरपार उजेड दिसत होता.

भालचंद्रला जे माहीत होतं ते अर्धंच होतं. चकचकीत बाजूला प्लॅस्टिकचं जाड संरक्षण असतं. आवाज ज्यावर उमटतो तो धातूचा थर असतो वरच्या अंगाला, नावाच्या शाईखाली, नुसत्या वार्निशाच्या आडोशानं. ओलं कुंकू, त्यातला चुन्याचा अंश आणि दर वर्षीचं ते फडकं यांनी वार्निश खाल्लं, मग धातू. तांदळाचा दाणा आडवा धरला तर जेवढी जाडी भरेल तेवढीच जागा गेली होती. पण रेघ इतकी बारीक की तेवढ्यात तिचे हजारावर वेढे मावतात. आणि प्रत्येक वेढ्याला लेसरचा ठिपका त्या भोकापाशी वाट चुकतो. म्हणजे साडेचार मिनिटं.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"तू काय मुद्दाम केलंस का? आणि भराव आहे की आता." ईश्वरीनं बटण दाबलं.

खोलीत भालचंद्र पतंगे बोलू लागला. विटेकर बंधुभगिनींना त्यानं गव्हाच्या बियाण्याची माहिती दिली, मधेच खोकला, कुणाला तरी 'रिक्षा घेऊन साडेपाचला ये' असं सांगितलं. ईश्वरीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. आवाज ती विसरली नव्हती, पण तो इतका तरुण होता हे विसरली होती.

मग हिरवा दिवा लागला. आवाजात काडीचा फरक पडला नाही. कागद चाळवल्याचा आवाज आला, खुर्ची कुरकुरली, आणि तो हसत म्हणाला, "ईशू, बाहेर खेळ बाळा. बाबा काम करतोय ना?"

ईश्वरी रडायला लागली. बऱ्याच वेळानं तिनं सीडीवरची तारीख पाहिली.

"आई, ही दोन हजार पाचची आहे."

"हो."

"मी तेव्हा नव्हते."

"नव्हतीस."

तीन वर्षांनी जन्माला येणाऱ्या पोरीला तो लाडानं दटावत होता. उज्ज्वलाच्या अंगावर काटा आला. यंत्र पुढच्या सीड्यांतून शिकलं होतं, एवढं सोपं कारण होतं, पण कारण कळलं म्हणून काटा गेला नाही. ईश्वरीनं मात्र नाक पुसलं, टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढली आणि तिचा एक तुकडा त्या दिव्यावर लावून टाकला.

"असू दे," ती म्हणाली. "कधीतरी म्हणालेच असतील ना ते मला असं? मग झालं."

रविवारी संध्याकाळी ती पुण्याला गेली. सोमवारी दुपारी जेवणखाण आटोपल्यावर उज्ज्वलानं कपाटातून शेवटची सीडी काढली.

तो गेला त्या दिवसाचा तिच्याकडे एक हिशेब ठरलेला होता. बुधवार. दुपारची वेळ. ईशू शेजारी खेळायला गेलेली. ती स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होती. चहा झाला म्हणून सांगायला त्याच्या खोलीत गेली, तर तो टेबलावर डोकं टेकून होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्यांना स्वतःला कळलं नसेल. या एका वाक्यावर तिनं सत्तावीस वर्षं काढली होती. येईल त्याला ती सांगायची, "हाक मारली असती तर मी धावत गेले असते. पण हाक मारायलाही उसंत मिळाली नाही हो त्यांना." सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

दिव्यावरची चिकटपट्टी काढून तिनं सीडी लावली. तो संक्रांतीच्या साड्यांची जाहिरात बोलत होता. दम लागल्यासारखा आवाज. एकच ओळ तीनदा चुकला. 'आज काय झालंय मला,' असं स्वतःशी म्हणाला. सव्वीसावं मिनिट लागलं आणि हिरवा दिवा पेटला.

पंख्याची घरघर. मग अगदी जवळून, माइकला ओठ लागल्यासारखं: "उज्ज्वला... अगं, जरा येतेस का?"

तिनं वायर उपसली.

पाणी प्यायली, देवापुढे जाऊन बसली, परत आली. यंत्राचा खेळ आहे, म्हणून पुन्हा लावली. या वेळी तो म्हणाला, "उज्ज्वला, अगं ए," आणि थोड्या वेळानं हळूच, "राहू दे, कामात असेल." तिनं पुन्हा वायर ओढली. तिसऱ्यांदा त्यानं तिला तीन हाका मारल्या, एकीपेक्षा एक मोठ्या. दर वेळी वायर काढली की यंत्र ती जागा नव्यानं भरत होतं, आणि दर वेळी तो तिलाच बोलवत होता.

त्या आठवड्यात तिनं मिक्सर लावला नाही. कूट खलबत्त्यात केलं, तेही दोन घाव घालायचे आणि कान द्यायचा असं करत. नळ सोडला की हाक ऐकू यायची. पंखा लावला की हाक ऐकू यायची. शेजारणीनं फाटकातून 'उज्ज्वलाताई' म्हटलं, तर तिच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. तो बिचारा हाका मारून थकला आणि आपण चार पावलांवर कूट करत होतो. हे खरं असेल तर सत्तावीस वर्षं आपण लोकांना काय सांगत आलो? आणि खरं नसेल, तर नसल्याचं आता कोण सांगणार? ज्या साडेचार मिनिटांत ते होतं, ती तिनंच दर खंडेनवमीला कुंकवाच्या बोटानं खरवडून काढली होती.

मग तिला आठवलं, ती सीडी उतरवणारा माणूस अजून बाजारपेठेत बसलाय.

"यंत्र म्हणतंय, त्यांनी हाक मारली होती," दुकानात बसल्या बसल्या ती म्हणाली.

इरफानभाईंनी मान वर केली नाही. "यंत्राचं काय ऐकता वहिनी. किती वेळा लावली?"

"तीनदा. तीन वेळा तीन तऱ्हा."

"मग झालं तर. खरं एकच असतं. तीन तऱ्हा म्हणजे तिन्ही खोट्या."

"तुम्ही ती सीडी उतरवलीत. तुम्ही ऐकली होती?"

हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. "ऐकली होती की. सगळी ऐकली. तिथं काय नाही वहिनी. पंख्याचा आवाज आणि पंख्याचा आवाज. भालूनं कुणालाबी हाक मारली नाही. बिनघोर घरी जा."

छातीवरचा दगड खाली आला. डोळे भरून आले. ती उठली, पदर सावरला, पायरीपर्यंत गेली, आणि तिथंच थबकली. चौदाव्या दिवशी हाच माणूस तिच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. कागदात गुंडाळलेली सीडी तिच्या हातात देत म्हणाला होता, "मी कान लावला नाही वहिनी. तेवढं काळीज नाही. नुसती उतरवली."

ती मागे वळली. "तेव्हा म्हणाला होतात, ऐकली नाही म्हणून."

इरफानभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"म्हातारपण आलं वहिनी. नीट आठवत नाही आता."

दोन्हींतलं एक खोटं होतं, आणि कुठलं ते कळायला माणसाला दिवा बसवलेला नसतो. यंत्र निदान कबूल तरी करतं की मी हे पदरचं घातलं.

"तो करडा ड्राइव्ह द्या."

"नका नेऊ."

"द्या म्हणते ना."

"अहो, त्यात काय मिळणार आहे तुम्हाला? त्या जागी तो गप्पच बसणार."

"बसू दे गप्प."

त्यांनी करडं खोकं काढून दिलं. देताना क्षणभर सोडलं नाही. खोक्याचं एक टोक त्यांच्या हातात आणि एक तिच्या हातात, असं ते दोघं उभे राहिले. "मी चहाला येतो सांजच्याला," ते म्हणाले. "एकट्या बसू नका." तिला त्यातलं काही नीट ऐकूही आलं नाही.

घरी येऊन तिनं ईश्वरीला फोनवर सगळं सांगितलं. शेवटच्या सीडीबद्दल पोरीशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आई, तू नको ऐकूस. साध्यावर ऐकून काय कळणार आहे? रिकामी जागा?"

"जेवढं त्यांचं आहे तेवढंच ऐकते. यंत्राचं नको आणि इरफानभाईंचंही नको."

"आणि हाक निघाली तर?"

"निघायची नाही. ती जागाच राहिली नाही, ईशू. ती मी घालवली."

"मी येऊ का शनिवारी? दोघी ऐकू."

"शनिवारपर्यंत माझ्यानं दम निघायचा नाही," उज्ज्वला म्हणाली, आणि तसं होतंही.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर होता. तिथून एका बाजूला स्वयंपाकघर, समोर त्याची लहान खोली. आता त्या खोलीत गाद्या, रजया आणि जुनं सामान असे. त्याची खुर्ची तेवढी तशीच होती. दुपारचे साडेतीन वाजले होते. करडा ड्राइव्ह म्हाताऱ्या माणसासारखा कण्हला, थरथरला, मग फिरू लागला.

संक्रांतीच्या साड्या. दम. चुकलेली ओळ. 'आज काय झालंय मला.' आणि शब्दाच्या मध्यावर सगळं तुटलं.

पंखाही गेला. पडद्यावरचे आकडे तेवढे पुढे सरकत होते. या शांततेची तिनं आठवडाभर धास्ती घेतली होती, पण आता तिच्यात बसल्यावर वेगळंच वाटलं. इथं कुणी त्याच्या तोंडी काही घालत नव्हतं. हे भोक तिचं होतं, तिच्या भक्तीनं आणि अडाणीपणानं पाडलेलं, आणि ते जसंच्या तसं समोर होतं. सत्तावीस मिनिटं, अठ्ठावीस, एकोणतीस. तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

तिसावं मिनिट उलटून गेल्यावर पंख्याची घरघर एकदम परत आली. तिच्याबरोबर श्वास. माइकच्या अगदी जवळचा, आखूड, मधेच अडकणारा. म्हणजे तो अजून होता. आणि मग दुरून, भिंतीपलीकडून, एका तरुण बाईचा कामातला, आनंदी आवाज आला.

"ओ! आले हं. दोन मिनिटं."

पाठोपाठ मिक्सर सुरू झाला.

कोण ही बाई, असं तिला आधी वाटलं. मग आपलाच आवाज तिनं ओळखला. यंत्रानं अंदाज हवेत बांधला नव्हता. भोकाच्या पलीकडच्या कडेला तिचं उत्तर बसलं होतं, त्यावरून त्यानं हाक घडवली होती. शब्द त्याला ठाऊक नव्हते, ते आता कुणालाच ठाऊक नव्हते. पण हाक होती. ती तिला ऐकू गेली होती, आणि तिनं ओ दिली होती. दिवसातून चाळीस वेळा बाई ओ देते, त्यातली एक कोण लक्षात ठेवतं? खोटं बोलत होती म्हणावं तर तसंही नाही. ती खरोखर विसरली होती, आणि विसरलेल्या जागी तिनं एक सोसवणारं वाक्य भरून टाकलं होतं. इरफानभाईंनी हे ऐकलं होतं. ऐकलं नाही असं एकदा सांगून आणि ऐकलं असं एकदा सांगून, सत्तावीस वर्षं तो माणूस तिच्या आणि या आवाजाच्या मध्ये उभा राहिला होता.

बंद करावं, असं तिच्या मनात आलं. हात पुढे गेलाही. पडद्यावर एकतीस मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. पुढे काय आहे ते तिला माहीत होतं. मिक्सर थांबेल, कपबशीचा आवाज येईल, ती तरुण बाई 'अहो, चहा झालाय' म्हणत आत येईल आणि किंचाळेल. त्याला अजून चार-सहा मिनिटं होती. तोवर तो त्या खोलीत एकटा होता.

तिनं हात मागे घेतला. आवाज मोठा केला आणि खुर्ची सरकवून उठली. समोरच्या खोलीचं दार ढकललं, खुर्चीवरच्या रजया उचलून खाली टाकल्या आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. गुडघे दुखले. खुर्चीच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"आले," ती म्हणाली. "अहो, आले. इथंच आहे मी."

बाहेर मिक्सर फिरतच होता. त्या आवाजातूनही श्वास ऐकू येत होता, आधी भरभर, मग थांबून थांबून. तो ऐकू येत होता तोवर ती तिथून उठली नाही.